बिशपचं कीर्तन

माझ्या मैत्रिणीशी मी एकोणीस वर्षं बोलले नाही, आणि माझ्या समजुतीप्रमाणे ही सगळी वर्षं आम्ही दोघी इंदूरमध्येच होतो. ती परदेशीपुऱ्यात, मी भंवरकुआंला. मधलं अंतर रिक्षाने अर्ध्या तासाचं. कोणी विचारलंच तर मी सांगायचे, "काही नाही हो, आपापल्या कामात अडकलो." हे साफ खोटं होतं. राजवाड्याला खरेदीला गेले की गर्दीत मी तिलाच शोधायचे, आणि ती खरोखर समोर आली तर कुठल्या गल्लीत वळायचं हेही आधीच ठरवून ठेवायचे. मला ती परत हवी होती. एकसष्टी उलटल्यावर माणसाने एवढं तरी सरळ लिहावं.

आमच्या भांडणात तिसरा एक माणूस आहे. तो सोळाशेहून जास्त वर्षांपूर्वी वारला, आजच्या तुर्कस्तानात, आणि बिशप होता. मी रेल्वेतल्या क्लार्कची मुलगी, घरात गणपती आणि चातुर्मास. माझा आणि ख्रिस्ती बिशपचा संबंध यायचं काही कारण नव्हतं. तो आला तिच्या वडिलांमुळे.

तिचं घराणं नगरकडून आलेलं, मराठी ख्रिस्ती. वडील मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर आणि रविवारी कीर्तनकार. हो, कीर्तनकार. पेटी, तबला, झांज, पूर्वरंग, उत्तररंग, सगळं आपल्यासारखंच. फक्त आख्यान शास्त्रातलं, म्हणजे बायबलमधलं, नाहीतर एखाद्या संताचं. मी आणि ती युनिव्हर्सिटीत इतिहासाच्या एमएला एका बाकावर. पहिल्यांदा तिच्या घरी गेले तेव्हा तिचे वडील, म्हणजे काका, बाजेवर बसून झांजेची दोरी बदलत होते. मी म्हटलं, "माझे बाबा कीर्तनाचे वेडे आहेत." त्या दिवसापासून मी त्या घरची झाले. पुढे माझे बाबाही चर्चमध्ये जाऊन मागच्या बाकावर मांडी घालून बसायला लागले. बाकावर मांडी घालता येत नाही हे त्यांना कोणी सांगितलं नाही.

एकदा काकांनी दवाखान्याच्या कपाटातून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक काढून माझ्या मांडीवर ठेवलं. "पोरी, तुला इंग्रजी येतं. जरा वाचून सांग, यात माझ्या कामाचं काही आहे का. आमची ही तर आळशी नंबर एक." ही म्हणजे माझी मैत्रीण. ती शेजारी बसून शेव खात होती आणि तिने मान डोलावून आळशीपणा कबूल केला.

त्या पुस्तकात मला बिशप सापडला. बिशपचाच मुलगा, तब्येतीने नाजूक, स्वभावाने हळवा, भाषेवर जीव टाकणारा. शिकायला अथेन्सला निघाला तर समुद्रात वादळ. तिथे पोचला तर एक मित्र मिळाला. दोघांची एकच खोली, एकच अभ्यास. शहरातल्या जत्रा-तमाशांचे रस्ते म्हणे दोघांनाही ठाऊक नव्हते. पुढे मित्र नदीकाठच्या रानात जाऊन राहिला आणि त्याने याला बोलावून घेतलं. दोघं प्रार्थना करायचे, ग्रंथ वाचायचे, भाजीचा मळा करायचे, खताची गाडी स्वतः ओढायचे. वडिलांनी बळेच धर्मगुरू केलं तेव्हा हा घाबरून पळाला तोही त्या मित्राकडेच. मी आठ दिवसांत आख्यान लिहून काढलं आणि दोघं मित्र नदीकाठी संध्याकाळची प्रार्थना करताहेत, तिथे आणून संपवलं.

पुस्तक तिथे संपत नव्हतं. बरीच पानं शिल्लक होती. पण आख्यानाचा शेवट मंगलच हवा, हे मी बाबांच्या मांडीवर बसून शिकले होते. रडवून, भांडवून लोकांना घरी धाडायचं नसतं. आरती व्हायची असते. आणि रविवार तोंडावर आला होता. मला हवा तसा मंगल शेवट मिळाला आणि मी पुस्तक मिटलं. पुढची पानं चाळलीसुद्धा नाहीत. इतिहासाची विद्यार्थिनी आणि ही अक्कल! पण काकांनाही तेच रुचलं. ते म्हणाले, "बस्स. याच्यापुढे अजून काय पाहिजे?"

कीर्तन असं रंगलं की विचारू नका. महूहून, धारहून बोलावणी आली. लोक त्याला 'दोन मित्रांचं कीर्तन' म्हणायला लागले, आणि चर्चमधल्या बायका आम्हाला 'दोन बिशप'. आम्ही आत शिरलो की एखादी म्हणायचीच, "आल्या बघा, बिशपजी आल्या." आम्ही हसायचो, पण मनातून ते खरं धरून चाललो होतो. आम्ही दोघींनीही लग्न केलं नाही. का, याच्यावर दोन्हीकडच्या नातेवाइकांनी आपापल्या परीने पुष्कळ संशोधन केलं. आमचं एवढंच ठरलं होतं की नोकरी संपली की एक छोटं घर घ्यायचं, दारात भाजी लावायची आणि वाचत बसायचं. खताची गाडी कोण ओढणार, यावर तेवढे वाद व्हायचे.

दोघी एकाच संस्थेच्या शाळांत शिकवायला लागलो. ती कामाची वाघीण. चाळिशीच्या आत संस्थेची चिटणीस झाली. मी वर्गात बरी, मीटिंगमध्ये शून्य. त्या सुमारास संस्थेने एबी रोडवरच्या एका गावात मुलींची शाळा काढली. गाव कसलं, फाटा. तीन दिशांचे ट्रक तिथे येऊन थांबायचे. पंक्चरची दुकानं, ढाबे, दिवसरात्र हॉर्न, आणि धूळ इतकी की सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटाने नाव लिहावं. गावातली दुसरी एक मंडळी त्या इमारतीवर डोळा ठेवून होती. भरवशाचं माणूस बसवलं नाही तर शाळा हातची जाणार, हे मैत्रिणीला दिसत होतं. भर मीटिंगमध्ये तिने मुख्याध्यापिका म्हणून माझं नाव घालून टाकलं. मला न विचारता.

मी तिच्या घरी जाऊन तिच्यावर बरसले. बाबा तेव्हा थकले होते, त्यांना सोडून मी जायचं कसं? ती म्हणाली, "अगं, बाबांना माझी बहीण बघेल, मी बोललेय तिच्याशी. आणि सालभराचा तर सवाल आहे. तू पुढे हो, मागून मी येतेच ना."

"विचारलं का नाहीस मला?"

"विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस का? सच सच सांग."

मी नसते म्हणाले. म्हणून तर राग जास्त आला. मागून येते, हे तिचं बोलणं मी तोंडदेखलं धरलं. वर बसलेली माणसं असंच बोलतात.

मी त्या गावी गेले आणि अकरा दिवस राहिले. बाराव्या दिवशी किल्ली शिपायाकडे देऊन, राजीनामा पोस्टात टाकून इंदूरला परत आले. भंवरकुआंच्या एका कोचिंगमध्ये स्पर्धा परीक्षांना इतिहास शिकवायला लागले. ती घरी आली होती दोनदा. मी दार उघडलं नाही. बाबा आतून म्हणत होते, "अगं, तिला आत तरी घे," आणि मी दाराला पाठ लावून उभी होते. माझ्या नाकावर राग असतो हे सगळ्यांना माहीत आहे, पण तो किती दिवस टिकतो हे मलाही तेव्हाच कळलं. ज्या घरात तिचं नाव निघेल त्या घरात जाणं मी सोडलं. काही महिन्यांनी उडत उडत कानावर आलं की तिचं चिटणीसपद गेलं. मला बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं खरं.

त्यानंतर केव्हातरी, कोचिंगमधल्या रिकाम्या तासाला, मला तो बिशप आठवला. पुढे काय झालं असेल त्याचं? कॉम्प्युटरवर शोधलं, मग लायब्ररीतून पुस्तक आणलं, आणि वीस वर्षांपूर्वी न वाचलेली पानं वाचायला बसले.

तो मित्र मोठ्या शहराचा मोठा बिशप झाला होता. बादशहाने प्रांताचे दोन तुकडे केले आणि शेजारच्या बिशपने अर्ध्या भागावर हक्क सांगितला. मित्राला सीमेवरच्या गावांत आपली माणसं बसवायची होती. म्हणून त्याने या हळव्या माणसाला उचलून एका गावचा बिशप केला. कुठलं गाव? जिथे तीन रस्ते मिळत, सरकारी गाड्या थांबत, पाणी नाही, गवत नाही, नुसती धूळ आणि आरडाओरडा. हा तिथे टिकलाच नाही. म्हाताऱ्या वडिलांना हातभार लावायचं कारण पुढे करून घरी परतला, आणि मैत्रीला जो तडा गेला तो गेलाच.

मी पुस्तक मिटून पाणी प्यायले. हसावं की रडावं कळेना. माझा अख्खा तंटा कोणीतरी आधीच भांडून ठेवला होता.

पुढे हाच माणूस राजधानीत गेला. एका नातेवाइकाच्या घरात प्रार्थनेची जागा मांडून प्रवचनं देऊ लागला. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तीन असून एक कसे, हे त्याने अशा शब्दांत मांडलं की पुढच्या कित्येक पिढ्यांनी त्याची प्रवचनं हाताने उतरवून घेतली, आणि आजही मैत्रिणीच्या चर्चमध्ये जे म्हटलं जातं त्यामागे त्याचा हात आहे. तिघांचं कोडं असं उलगडणाऱ्याला दोघांचं मात्र जमलं नाही. धर्मसभेचं अध्यक्षपद मिळालं, तर बिशपांच्या भांडणांना कंटाळून तेही सोडून गावी परतला आणि कविता करत बसला. त्या कवितांतही ती धूळ आहेच! मित्र वारला तेव्हा हा आजारी होता, अंत्यविधीला पोचला नाही. दोन-तीन वर्षांनी, वरातीमागून घोडं यावं तसा आला आणि त्याने मित्रावर भलंमोठं भाषण केलं. डोळ्यांत पाणी येईल असं. पण मध्येच त्या धुळीच्या गावाचं गाऱ्हाणं तिथेही सांगून घेतलंच.

मला तो फार जवळचा वाटला. खरं म्हणजे त्याची बाजू मला माझी बाजू वाटली. आणि भीतीही वाटली, की आपणही असेच, ती ऐकायला नसताना बोलणार.

बाबा गेले. तिचे वडील त्याआधीच गेले होते. दोन्ही वेळा आम्ही एकमेकींकडे गेलो नाही.

मागच्या वर्षी एका दुपारी चर्चच्या नव्या पाळकांचा फोन आला. तिशीचा, इंदुरातच वाढलेला माणूस. "ताईजी, आपल्या चर्चचा मोठा प्रोग्राम आहे, तर ते दोन मित्रांचं कीर्तन परत करायचंय. जुनी कॉपी तुमच्याजवळच असेल ना? कीर्तन मॅडमच करणार आहेत. त्याच बोलल्या की तुमच्याकडूनच मागा."

मॅडम म्हणजे ती. वडिलांच्या मागे कीर्तन ती करायला लागली होती, हे मला माहीत नव्हतं. मी विचारलं, "अजून काय म्हणाल्या मॅडम?"

"अजून तर काही नाही बोलल्या, ताईजी."

जुनी वही होती माझ्याकडे. पण मी ती तशीच दिली नाही. आठ दिवस बसून पुढचं आख्यान लिहिलं. ती धूळ, तो फाटा, ती न विचारता केलेली नेमणूक, सगळं बिशपच्या तोंडी घातलं, आणि मन लावून घातलं. एकोणीस वर्षं मला जे तिला सांगायचं होतं ते आता तिनेच, उभं राहून, चारचौघांत म्हणायचं होतं. दुष्टपणा होता का? होता थोडा. पण तिच्याशी बोलायची दुसरी वाट मला ठाऊक नव्हती. ती ही पानं वगळून जुन्या ठिकाणी आख्यान संपवेल, तर समजायचं की संपलं. वाचेल, तर आशा आहे. असं मी मनाशी ठरवलं आणि वही पाळकांच्या हातात दिली.

कीर्तनाच्या दिवशी मी शेवटच्या बाकावर बसले. ती पुढे आली. केस पांढरे, पाठ थोडी वाकलेली, हातात वडिलांची झांज. आवाज मात्र तसाच, सगळ्या चर्चला आपल्या बाजूने ओढून घेणारा. वादळ झालं, अथेन्स झालं, नदीकाठ झाला. तिथे तिने पाणी घेतलं, पान उलटलं आणि पुढे वाचायला लागली.

एक शब्दही गाळला नाही तिने. उलट मी लिहिलं होतं त्याहून जास्त जीव ओतून म्हटलं. बिशप कळवळून मित्राला विचारतो, मला का नाही विचारलंस, तेव्हा पुढच्या बाकावरच्या बायका पदराने डोळे पुसायला लागल्या. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही.

मग तिने वही मिटली. कीर्तनकाराला पदरचं बोलायची मुभा असते, ती तिने घेतली. माझ्याकडे बघितलं नाही.

"मंडळी, बिशपचं दुःख ऐकलं. त्याच्या मित्राची मजबुरी पण ऐकली. दोघंही मोठे, दोघंही संत. अब एक बात मला सांगा. त्या गावाचं काय झालं? धूळ होती, बरोबर. पण माणसंही होती ना? नवा बिशप येतोय म्हणून त्यांनी देऊळ झाडलं असेल. लेकरांना न्हाऊ घातलं असेल. या दोघांनी एवढं लिहिलं, एवढं बोलले, पण पुढच्या रविवारी त्या लेकरांपुढे कोण उभं राहिलं, हे लिहावंसं कोणाला वाटलं नाही."

पेटीवाला सूर धरून थांबला होता. मला त्या शाळेतला वर्ग आठवला. बेंच नव्हते, सतरंज्या होत्या. मी पोचले त्या दिवशी मुलींनी टाकीवरून माझ्यासाठी पाण्याचा हंडा भरून आणला होता. अकरा दिवस रोज आणला. त्यातल्या एकीचाही चेहरा मला आठवेना. एकोणीस वर्षं मी तिने माझं काय केलं हेच उगाळत बसले, आणि बाराव्या दिवशी तो हंडा घेऊन मुली कुठे गेल्या असतील, हा विचार एकदाही मनाला शिवला नाही. माझ्या बिशपलाही नाही.

तिने मित्रावरच्या भाषणाने आख्यान पुरं केलं आणि मंगल म्हटलं. मंगल शेवटाचा नियम तिनेही मोडला नाही.

बाहेर मांडवात पोहे-जिलबी होती. मी निघून जाणार होते. पाय फाटकापर्यंत गेलेही. पण परत फिरले आणि चहाच्या टेबलाजवळ ती एकटी उभी होती तिथे जाऊन उभी राहिले. इतक्या वर्षांनी पहिलं काय बोलायचं, याच्या मी हजार तालमी केल्या होत्या. त्यातलं एकही आठवलं नाही.

"मग कोण गेलं होतं तिथे?" मी विचारलं.

"मीच गेले. अजून कोण जाणार?" ती म्हणाली. "चिटणीसपद सोडलं आणि गेले. पाच साल राहिले."

"एकटी?"

"तू आलीस ना परत, त्याच्या दुसऱ्या दिवशी माझी बस होती. सामान बांधून झालं होतं. तुला बोलले तर होते, मागून येते म्हणून." ती कपातल्या चहाकडे बघत होती. "खोलीत दोन खाटा टाकायला लावल्या होत्या मी. वाटायचं, राग उतरला की येशील. सहा महिने दुसरी उचलूच दिली नाही कोणाला."

मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. म्हटलं, "त्या गावाची सकाळची बस माझ्या क्लाससमोर थांबायची. माझा पहिला तास साडेसातला. मी मुद्दाम सातला यायचे आणि ती सुटेपर्यंत फुटपाथवर उभी राहायचे. वाटायचं, परत जाऊन ती किल्ली घेतली तर तुझ्यापुढे उभी राहता येईल."

"रोज?"

"रोज. आणि एकदाही चढले नाही."

तिने कप खाली ठेवला आणि माझा हात धरला. "आज पण सुटते ती बस," ती म्हणाली, "उद्या चढतेस?"